व्हिडिओ पाहण्यासाठी व्हीपीएन घेताना काय काय तपासावे?

आजचा पाठ मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. तो माझ्याच एका चुकीतून सुचला, म्हणून आधी ती चूक सांगते.

माझी धाकटी बहीण जर्मनीत राहते. तिची मुलगी पाच वर्षांची आहे. घरात मराठी बोलतात, पण दाराबाहेर पाऊल टाकलं की सगळं जर्मन. मुलीच्या कानावर मराठी पडत राहावी म्हणून बहिणीला इकडच्या मालिका आणि बालगोष्टी लावायच्या होत्या. पण ॲप उघडलं की पाटी यायची, "हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही." तिने मला फोन केला. "ताई, तू शाळेचं सगळं ऑनलाइन काम करतेस, तुला माहीत असेल. व्हीपीएन कोणता घेऊ गं?"

खरं तर मलाही फारसं माहीत नव्हतं. गूगलवर शोधलं, पहिल्याच यादीतलं एक फुकटचं ॲप पाहिलं, चारच्या वर तारे दिसले आणि लिंक पाठवून दिली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. तीच लिंक मी वर्गाच्या पालक ग्रुपवरही टाकली, वर "परदेशातील नातेवाइकांसाठी उपयुक्त" असं लिहून.

पंधरा दिवसांनी एका विद्यार्थ्याची आई शाळेत आली. "मॅडम, तुमचं ते ॲप आमच्या पोरानं फोनमध्ये टाकलंय. रोजचा दीड जीबी दुपारीच संपतोय, फोन तापतोय आणि सारख्या कर्जाच्या जाहिराती येतायत. त्याच फोनवर माझ्या बचत गटाचे व्यवहार आहेत. काही होणार तर नाही ना?"

"तुमचं ते ॲप" हे शब्द मला फार लागले. आपण शिक्षक काही पाठवतो तेव्हा पालक ते तपासत नाहीत, मॅडमनी पाठवलं म्हणजे चांगलंच असणार असं धरून चालतात. त्या दिवशी ॲप काढून टाकलं, ग्रुपवर माफी मागितली आणि मग या विषयाचा नीट अभ्यास केला. त्यातलं जे पक्कं कळलं ते इथे मांडते.

व्हीपीएन म्हणजे नेमके काय?

व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. चौथीच्या वर्गाला सांगावं तसं सांगते.

समजा तुम्ही गावातून एक पत्र टाकलं. पाकिटावर तुमच्या गावाच्या टपाल कार्यालयाचा शिक्का बसतो. ज्याला पत्र मिळतं त्याला ते कुठून आलं हे शिक्क्यावरून कळतं. इंटरनेटवर हा शिक्का म्हणजे आपला आयपी पत्ता. व्हिडिओ दाखवणारी कंपनी तो पाहूनच आपण कोणत्या देशात आहोत ते ठरवते.

आता तुम्ही तेच पत्र एका मोठ्या बंद पाकिटात घालून नाशिकच्या मामाकडे पाठवलं. मामाने मोठं पाकीट फोडलं आणि आतलं पत्र नाशिकहून टाकलं. शिक्का नाशिकचा बसला. गावच्या पोस्टमनला फक्त एवढंच कळलं, की मामाला काहीतरी पाठवलंय. पुढे ते कुणाला गेलं हे त्याला माहीत नाही.

व्हीपीएन हा असाच मामा आहे. आपला फोन आणि मामाचं घर यांच्यामधला रस्ता बंद पाकिटाचा, म्हणजे सांकेतिक लिपीत बदललेला, असतो.

पण एक गोष्ट लक्षात आली का? पोस्टमनला जे कळत नाही, ते सगळं मामाला कळतं. तुम्ही कुणाकुणाला पत्रं पाठवता, किती वाजता पाठवता, दिवसातून किती वेळा पाठवता. आजकाल बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर स्वतःही सीलबंद असतो, त्यामुळे पत्रात काय लिहिलंय ते मामाला सहसा वाचता येत नाही. तरी पाकिटावरचे पत्ते त्याच्या नजरेखालून जातातच.

म्हणून "कोणता व्हीपीएन चांगला चालतो?" हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न आहे, "हा मामा कोण आहे?"

कार्यक्रम "तुमच्या देशात" का दिसत नाहीत?

चित्रपट आणि मालिकांचे हक्क देशानुसार विकले जातात. एकाच चित्रपटाचे भारतातले हक्क एका कंपनीकडे आणि जर्मनीतले दुसऱ्याच कंपनीकडे असू शकतात. हक्क नसलेल्या देशात दाखवलं तर करार मोडतो, म्हणून कंपन्या ही अडवणूक करतात.

नेटफ्लिक्सचे उदाहरण घ्या. ६ जानेवारी २०१६ रोजी ते भारतासह १३० देशांत एकदम सुरू झाले आणि आठवडाभरातच, १४ जानेवारीला, दुसऱ्या देशाचा पत्ता वापरून पाहणाऱ्यांना रोखणार असे त्यांनी जाहीर केले. आजही व्हीपीएन चालू असेल तर जगभराचे हक्क ज्यांचे आहेत तेवढेच कार्यक्रम दिसतील, असे नेटफ्लिक्स सांगते. जाहिरातीवाल्या स्वस्त प्लॅनवर तर व्हीपीएन चालतच नाही.

ते ओळखतात कसे? व्हीपीएनच्या सर्व्हरचे पत्ते घरगुती जोडणीचे नसून मोठ्या डेटा सेंटरचे असतात आणि त्यांच्या याद्या उपलब्ध असतात. शिवाय एकाच पत्त्यावरून शेकडो खाती उघडलेली दिसली की संशय येतो. पत्ता अडवला गेला की व्हीपीएन कंपनी नवीन पत्ता आणते, मग तोही अडवला जातो. त्यामुळे "आमच्याकडे सगळं कायम चालतं" असं कोणी म्हणत असेल तर ते वाक्य जाहिरातीचं समजावं.

भारतात व्हीपीएन वापरणे हा गुन्हा नाही, मात्र काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी तात्पुरती बंदी घातलेली आहे. व्हिडिओ सेवेच्या अटी मोडल्या तर ती सेवा आपलं पाहणं थांबवू शकते. आपले नातेवाईक जिथे राहतात तिथला कायदाही पाहावा. संयुक्त अरब अमिरातीत आयपी पत्ता लपवून गुन्हा केल्यास ५ लाख ते २० लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. दुबईतल्या भावाला लिंक पाठवण्यापूर्वी हे आठवा.

निवडीच्या सहा कसोट्या

१) मालक कोण? ॲपच्या पानावर कंपनीचे नाव, देश आणि पत्ता आहे का? नुसता ईमेल असेल तर पुढे जाऊ नका. नामवंत नावांचीही मालकी पाहावी. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीने सायबरघोस्ट, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस आणि २०२१ मध्ये एक्सप्रेसव्हीपीएन विकत घेतले. त्याच वर्षी तिने व्हीपीएनमेंटॉर आणि विझकेस ही व्हीपीएनची परीक्षणे छापणारी संकेतस्थळे चालवणारी कंपनीही घेतली. म्हणजे पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकाच घरातला! हे व्हीपीएन वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण "सर्वोत्तम १० व्हीपीएन" अशी यादी दिसली की ती कोणी लिहिली हे आधी पाहायचं. मी नेमकी इथेच फसले होते.

२) पैसा कुठून येतो? जगभर सर्व्हर चालवायला मोठा खर्च येतो. आपण पैसे देत नसू तर तो खर्च कोणीतरी भरून काढतंच. दुसऱ्या देशातले व्हिडिओ पाहण्यासाठी खूप लोक होला नावाची फुकट सेवा वापरत. ती आपल्या वापरकर्त्यांचीच इंटरनेट जोडणी दुसऱ्यांना विकत असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. म्हणजे आपल्या घराच्या पत्त्यावरून अनोळखी माणूस इंटरनेट वापरणार. फेसबुकचे ओनाव्हो हे फुकट व्हीपीएन लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती गोळा करत होते. २०१८ मध्ये ते ॲपलच्या दुकानातून हटले आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ९११ एस५ नावाचे जाळे उद्ध्वस्त केले. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशा फुकट ॲपमधून लोकांचे संगणक त्यात ओढले गेले होते. त्या जाळ्यात १ कोटी ९० लाख आयपी पत्ते होते.

सगळेच फुकट वाईट असते असे नाही. प्रोटॉन व्हीपीएनची मोफत योजना जाहिरातींशिवाय आणि डेटाच्या मर्यादेशिवाय चालते, कारण पैसे देणाऱ्या ग्राहकांवर तिचा खर्च निघतो. पण स्ट्रीमिंगची सोय त्यांनी सशुल्क योजनेतच ठेवली आहे. थोडक्यात, व्हिडिओ पाहण्यासाठी फुकट आणि विश्वासू असा व्हीपीएन शोधण्यात वेळ घालवू नये.

३) नोंदी ठेवतात का? "आम्ही कसलीही नोंद ठेवत नाही" असं जवळजवळ सगळेच लिहितात. यूएफओ व्हीपीएनही तसंच लिहीत होतं. २०२० मध्ये त्यांचा नोंदींचा साठा इंटरनेटवर उघडा पडलेला सापडला. त्यात साध्या अक्षरांत पासवर्डसुद्धा होते. म्हणून शब्दावर न जाता पुरावा पाहावा. पुरावा दोन प्रकारचा असतो. एक, बाहेरच्या संस्थेकडून झालेली तपासणी. नॉर्डव्हीपीएन, एक्सप्रेसव्हीपीएन, प्रोटॉन यांनी अशा तपासण्या करून घेतल्या आहेत. त्या एकदाच झाल्या की ठरावीक काळाने होतात, हेही पाहा. दुसरा पुरावा, प्रत्यक्ष प्रसंग. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस मुलवाड या कंपनीच्या कार्यालयात झडतीसाठी गेले होते. ग्राहकांची माहिती साठवलेलीच नव्हती, त्यामुळे ते रिकाम्या हाताने परतले.

४) तंत्र कोणते? सेटिंगमध्ये वायरगार्ड, ओपनव्हीपीएन किंवा आयकेईव्ही२ यांपैकी नाव दिसायला हवे. वायरगार्ड नवे आणि वेगवान आहे. मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाले. फक्त पीपीटीपी असेल तर नको, ते १९९० च्या दशकातले जुने तंत्र आहे आणि फोडता येते. "किल स्विच" ही सोयही हवी. व्हीपीएन मध्येच तुटला तर ती इंटरनेटच थांबवते, म्हणजे आपला खरा पत्ता उघडा पडत नाही. या गोष्टी गृहीत धरू नयेत. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेच्या संशोधकांनी अँड्रॉइडवरील २८३ व्हीपीएन ॲप तपासली. १८ टक्के ॲप माहिती सांकेतिक करतच नव्हती आणि ३८ टक्क्यांमध्ये घातक सॉफ्टवेअरच्या खुणा आढळल्या. म्हणजे पाकीट बंद आहे असं आपल्याला वाटत होतं, प्रत्यक्षात ते उघडंच होतं.

५) वेग पुरतो का? नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार ७२०पी चित्रासाठी ३ एमबीपीएस, १०८०पी साठी ५ आणि ४के साठी १५ एमबीपीएस वेग लागतो. व्हीपीएन लावला की वेग थोडाफार कमी होणारच, कारण पत्र मामाच्या घरून फिरून जातं. सर्व्हर जितका लांब तितका वेळ जास्त. चाचणी दुपारी घेऊ नका, रात्री नऊला घ्या. तेव्हा सगळेच पाहत असतात.

६) टीव्हीवर चालेल का आणि पैसे परत मिळतील का? अँड्रॉइड टीव्ही आणि फायर स्टिकवर व्हीपीएन ॲप बसते. इतर अनेक स्मार्ट टीव्हींवर ते थेट बसत नाही, मग राउटरवर बसवावे लागते आणि ते काम सोपे नाही. पैशांचं म्हणाल तर बऱ्याच मोठ्या कंपन्या ३० दिवसांत पैसे परत देतात. आधी एकच महिना घ्या. दोन वर्षांचा प्लॅन महिन्याला स्वस्त दिसतो, पण पैसे एकदम कापले जातात आणि मुदत संपली की आपोआप नूतनीकरण होते. "आयुष्यभरासाठी एकदाच पैसे" या मोहात तर पडूच नका. २०२५ मध्ये व्हीपीएनसिक्युअर या कंपनीच्या नव्या मालकांनी असे आजीवन प्लॅन सरळ रद्द केले.

भारतातला पत्ता हवा असेल तर

परदेशातल्या आपल्या माणसांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने निर्देश काढले. त्यानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते, संपर्क क्रमांक आणि दिलेले आयपी पत्ते ५ वर्षे जपून ठेवायचे आहेत. हे आमच्या धोरणात बसत नाही असे सांगून एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन आणि प्रोटॉन यांनी भारतातले सर्व्हर त्या वर्षी काढून घेतले.

तरी काही कंपन्यांच्या यादीत "भारत" दिसतो. तो "व्हर्च्युअल" सर्व्हर असतो, म्हणजे पत्ता भारताचा पण यंत्र सिंगापूरला किंवा लंडनला. जर्मनीतून सिंगापूरला जाऊन मग भारतात यायचं म्हटलं तर वेगावर परिणाम होतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी भारताचा सर्व्हर आहे का, तो प्रत्यक्ष कुठे आहे, हे ग्राहक सेवेला लेखी विचारा. शिवाय अनेक भारतीय ॲपना भारतीय मोबाइल क्रमांकावरचा ओटीपी आणि भारतातले पैसे भरण्याचे साधन लागते. पत्ता बदलून तो प्रश्न सुटत नाही.

घरी करून पाहण्याची चाचणी

१. व्हीपीएन बंद ठेवून "माझा आयपी पत्ता" असं शोधा. आलेला आकडा वहीत लिहा.
२. व्हीपीएन चालू करून पुन्हा पाहा. आकडा आणि देश दोन्ही बदलले पाहिजेत.
३. "डीएनएस लीक टेस्ट" करा. त्यात आपल्या नेहमीच्या इंटरनेट कंपनीचे नाव दिसले तर पाकिटाला भोक आहे.
४. रात्री नऊला वेग मोजा आणि जो कार्यक्रम पाहायचा आहे तोच लावून पाहा. दुसरं काहीतरी चाललं म्हणून समाधान मानू नका.
५. हे सलग आठ दिवस करा. अडचण आली तर मुदतीच्या आत पैसे परत मागा.

मुलांच्या हातातल्या फोनबाबत

अँड्रॉइडवर व्हीपीएन चालू असताना वरच्या पट्टीत किल्लीचे छोटे चिन्ह दिसते. पालकांनी आजच पाहावे. आपण लावलेलं नसताना किल्ली दिसली तर सेटिंगमध्ये व्हीपीएन शोधून कोणतं ॲप आहे ते बघा. नुसतं ॲप काढण्याआधी मुलाला विचारा, रागावू नका. आमच्या त्या विद्यार्थ्याला फक्त एक कार्टून पाहायचं होतं. त्याला चोरी करायची नव्हती. शिवाय रस्ता दाखवणारी मीच होते.

घरच्या वाय-फायवर मुलांसाठी जी बंधनं आपण लावतो, त्यांतली बरीच व्हीपीएनमुळे निकामी होतात, हेही ध्यानात ठेवा. ज्या फोनवर बँक आणि यूपीआय आहे त्यावर अनोळखी व्हीपीएन अजिबात नको. चांगला व्हीपीएन असला तरी पैशांचा व्यवहार करताना तो बंद करावा, नाहीतर परदेशातून कोणी खातं उघडतंय असं समजून बँक व्यवहार अडवू शकते. गूगल प्लेने जानेवारी २०२५ पासून तपासलेल्या व्हीपीएन ॲपना "व्हेरिफाइड" अशी खूण द्यायला सुरुवात केली आहे. ती खूण आणि "डेटा सेफ्टी" हा भाग पाहण्याची सवय लावा. खूण आहे म्हणजे सगळं झालं असं नाही, पण सुरुवात म्हणून बरी.

बहिणीचे पुढे काय झाले?

दुसऱ्या वेळी आम्ही दोघींनी मिळून वरच्या कसोट्या लावल्या. एका नावाजलेल्या कंपनीचा एक महिन्याचा प्लॅन तिने घेतला. पत्ता बदलला, गळती नव्हती, पण रात्री चित्र अडकायचं आणि मालिकेचं ॲप भारतीय क्रमांकावरचा ओटीपी मागायचं. आठव्या दिवशी तिने पैसे परत मागितले आणि ते मिळालेही.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. त्या वाहिनीची परदेशासाठी अधिकृत सेवा आहे का, ते शोधलं. होती! तिथेच पैसे भरले. आता भाची रोज संध्याकाळी अर्धा तास मराठी ऐकते आणि फोनवर मला "मावशी, तू जेवलीस का गं?" असं विचारते. व्हीपीएन लागलाच नाही. म्हणून माझी विनंती आहे, की सहा कसोट्यांच्या आधी हा शून्य क्रमांकाचा प्रश्न विचारा. अधिकृत मार्ग आहे का?

स्वाध्याय (पालक आणि शिक्षकांसाठी)

१. घरातल्या प्रत्येक फोनवर किल्लीचे चिन्ह आहे का ते पाहा.
२. एखादे व्हीपीएन ॲप असेल तर त्याच्या मालकाचे नाव आणि देश पाच मिनिटांत सापडतो का ते बघा. नाही सापडला तर काय करायचं ते तुम्हीच ठरवा.
३. नाशिकच्या मामाची गोष्ट मुलांना सांगा आणि विचारा, "मामाला काय काय कळलं?" माझ्या वर्गातली उत्तरं माझ्यापेक्षा भारी होती. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग मामाला आधी ओळखायला पाहिजे."
४. ग्रुपवर कोणतीही लिंक टाकण्यापूर्वी ती स्वतः आठ दिवस वापरून पाहा. हा स्वाध्याय मी स्वतःलाही दिला आहे.

काही शंका असतील तर जरूर विचारा, मला माहीत असेल तेवढं सांगेन.